आयएसओ कोड म्हणजे भाषेचं प्रमाणपत्र नव्हे

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: ‘आयएसओ कोड मिळाला की जगाने त्या बोलीला भाषा म्हणून मान्यता दिली. दोन अक्षरी कोड मोठ्या भाषांना, तीन अक्षरी दुय्यम भाषांना. आणि कोडसाठी सरकारनेच अर्ज करावा लागतो.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी मान्यतेचं. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संघटना. तिचं आयएसओ ६३९ हे मानक भाषांना अक्षरी ओळखखूण देतं, दर्जा देत नाही. त्याच्या तीन अक्षरी यादीत कधीच लोप पावलेली अक्कादी आहे आणि पडद्यावरच्या परग्रहवासीयांसाठी रचलेली क्लिंगॉनसुद्धा आहे. अहिराणीला त्यात ए-एच-आर हा वेगळा कोड आहे, पण म्हणून तिला कुठलाही सरकारी हक्क मिळत नाही. तसंच, कोड नसल्याने कुठल्या बोलीचा हक्क जातही नाही.

अक्षरांच्या संख्येवरून प्रतवारी लावणं तर सरळ चूक आहे. दोन अक्षरांच्या जोड्या होतात ६७६. नोंदलेल्या भाषा सात हजारांहून जास्त. मुळात ही छोटी यादी परिभाषा आणि कोशकार्याच्या सोयीसाठी झाली. वोलाप्युक या कृत्रिम भाषेला त्यात व्ही-ओ मिळाला, तर फिलिपिन्सची राष्ट्रभाषा फिलिपिनो एफ-आय-एल या तीन अक्षरांवरच आहे. कोंकणीही तशीच, के-ओ-के. ‘आम्हालाही दोन अक्षरी कोड द्या’ अशा सह्यांच्या मोहिमांत शक्ती घालवू नये. तीन अक्षरी कोड असलेल्या भाषेला नंतर दोन अक्षरी देत नाहीत, कारण मग एकाच भाषेचा जुना आणि नवा मजकूर दोन वेगळ्या खुणांखाली विखुरला जातो.

अर्ज मात्र कुणीही करू शकतं. तीन अक्षरी कोडांचा विस्तृत भाग २००७ साली आला. त्याची नोंदणी एसआयएल ग्लोबल (पूर्वीचं नाव एसआयएल इंटरनॅशनल) ही भाषांवर काम करणारी संस्था पाहते. अर्जात भाषेची सगळी नावं, कुठे बोलतात, बोलणारे किती, शेजारच्या भाषांशी नातं आणि पुरावे द्यायचे असतात. मग तो जाहीर अभिप्रायांसाठी खुला ठेवतात. शंभर शब्द वेगळे दाखवून भागत नाही. शेजारची भाषा न शिकता दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचं बोलणं कितपत कळतं, हा पहिला निकष. बरंच कळत असेल, तरीही दोन्ही समाजांची वेगळी भाषिक ओळख पक्की रुजलेली असली तर ती बाजू जड ठरते. ‘आमची भाषा दुसऱ्या भाषेच्या कोडातून वेगळी काढा’ म्हणण्याआधी एक लक्षात घ्यावं: कोडचं विभाजन झालं की जुना कोड निवृत्त होतो, प्रत्येक भागाला नवा मिळतो आणि जुन्या खुणेखालचा सगळा साठा पुन्हा वर्गवारीला येतो.

खरी काळजी हवी ती कोड लिहिताना. वेबपानाच्या ‘लँग’ गुणधर्मात, म्हणजे पानाची भाषा सांगणाऱ्या जागी, मराठीसाठी एम-आर लिहा, एम-ए-आर नव्हे. दोन अक्षरी कोड असेल तर तोच वापरायचा असा वेबचा नियम आहे. भारत दाखवायचा असेल तर संयोगचिन्ह देऊन पुढे आय-एन जोडा. नुसतं आय-एन भाषेच्या जागी पडलं तर तो इंडोनेशियनचा जुना, १९८९ साली बदललेला कोड आहे. हिंदीचा एच-आय चुकून राहिला तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचू शकतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं ज्या फॉन्टमध्ये भाषेनुसार ठेवलेली असतात, तिथे अक्षरांचे युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले आकडे) तेच राहूनही पानावर हिंदी वळणं उमटतात.