एफएफ म्हणजे 'फुल फास्ट' नाही हो काका

परवा फॅमिली ग्रुपवर अप्पाकाकांनी तो मेसेज टाकला, 'जुन्या रेस कारचे ब्रेक पॅड : पाच सोनेरी नियम', खाली हात जोडलेले तीन इमोजी. एरवी मी उघडलाही नसता. पण आमचा आतेभाऊ बडोद्याच्या मकरपुऱ्यात एका शेडमध्ये साठच्या दशकातली मिनी कूपर एस ही छोटी ब्रिटिश गाडी परत उभी करतोय, आणि रविवारी तिथे गेलो तर सोळा वर्षांचा भाचा तोच मेसेज वाचून मागच्या चाकाच्या ब्रेकचा ड्रम उघडून बसलेला, हातात कंप्रेसरची गन, आणि उन्हाच्या तिरिपेत राखाडी धूळ नुसती नाचतेय. त्याच्या भुवयांवर, ओठांवर सगळीकडे.

का तर नियम पहिला : 'जुन्या गाडीला ओरिजिनल अ‍ॅसबेस्टॉसचेच पॅड घाला, धुळीचं काही होत नाही, हवा मारली की साफ.'

काही होत नाही म्हणे! अ‍ॅसबेस्टॉस म्हणजे उष्णता सोसणारं तंतुमय खनिज, पूर्वी ब्रेकमध्ये घालायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सगळ्या प्रकारचं अ‍ॅसबेस्टॉस पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत, पांढरं अ‍ॅसबेस्टॉससुद्धा. आणि 'आपल्याकडे बंदी नाही म्हणजे चालतं' म्हणणाऱ्यांनी १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघावा, याचिका आपल्या शेजारच्या अमदाबादच्या ग्राहक संस्थेची होती. कोर्टाने सांगितलं की अ‍ॅसबेस्टॉसवर काम करणाऱ्या कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर ठेवा. ४० वर्षं का? कारण हा आजार आज धूळ गेली नि उद्या खोकला आला असा नसतोच, अर्धं आयुष्य गेल्यावर उगवतो. आमचा भाचा तेव्हा छप्पन्न वर्षांचा असेल.

जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे ड्रमच्या आत घासणाऱ्या पट्टीत, अ‍ॅसबेस्टॉस आहे की नाही ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून आहेच असं धरून चालायचं. पाण्याने नाहीतर ब्रेक क्लीनरने आधी भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. हवा मारायची नाही म्हणजे नाही.

दुसरा नियम वाचून तर हसावं की रडावं : पॅडच्या कडेला एफएफ छापलं असेल तर 'फुल फास्ट', रेसिंग ग्रेड. अहो, पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड सांगतं आणि दुसरं पॅड तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, बस. घरच्या साध्या गाडीच्या पॅडवरही हेच सापडेल.

तिसरा नियम, रेसिंग पॅड लवकर थांबवतात? तापल्यावर, हो. मिनीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, ती शेडमधून लक्ष्मी विलास राजवाड्यापर्यंत रमतगमत जाताना पॅड तापणार कधी? थंड रेसिंग पॅड पहिल्याच सिग्नलला दगा देतात. वर्षातून एकदा मद्रासच्या ट्रॅकवर न्यायची तर त्या दिवसापुरते बदला.

चौथा, 'कडक पॅड जुनी डिस्क खातात', बरं बाबा, यात तथ्य आहे. धातूचे सिंटर्ड पॅड (भुकटी दाबून-भाजून केलेले) मऊ बिडाच्या डिस्कला खरंच घासून काढतात. आणि जुन्या पॅडची पकड छान होती हेही आतेभाऊ शपथेवर सांगतो. आवाज आला तर ग्रीस लावा हे पाचवं मात्र अर्धवट : पॅडच्या पाठीला ब्रेकचं खास ग्रीस, घासणाऱ्या बाजूला लावलंत तर गाडी थेट भिंतीत.

भाच्याला घरी पाठवून न्हायला लावलं, कपडे वेगळे भिजवले. आतेभाऊ तेवढ्यात 'ओरिजिनल' पॅडचे दोन डबे घेऊन दुकानात परत करायला गेला. दुकानदार म्हणाला, पैसे नाही मिळणार, बदलून घेऊन जा, याहून जुने आहेत माझ्याकडे.