दिवसाचे चोवीस तास सगळ्यांना सारखे नसतात

महिनाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. "लठ्ठपणा हा आजार नाही, आळस आहे. दिवसाचे चोवीस तास सगळ्यांना सारखेच. त्यातला अर्धा तास म्हणजे फक्त 2 टक्के. चालायला पैसे पडत नाहीत. कमी खा, जास्त चाला, एवढंच गणित. ज्यांना जमत नाही ते परिस्थितीचं रडगाणं गातात." माझ्याच नात्यातल्या माणसांनी खाली अंगठे दिले होते.

मी रोज सकाळी सोलापूरच्या होम मैदानावर फेऱ्या मारते आणि दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. व्यायामाची किंमत मला माहीत आहे. तरीही यातलं एकेक वाक्य मला खोडून काढायचंय.

पहिलं, चोवीस तासांचं. शहराच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत एक अक्का राहतात, वय पन्नाशीच्या पुढे. सकाळची कामं उरकली की मांडीवर सूप घेऊन बसतात. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान कात्रीनं मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. अशा हजार विड्या वळायला त्यांना दहा-अकरा तास लागतात. मजुरी विड्यांच्या मोजणीवर, तासांवर नाही. अर्धा तास चालायला गेल्या की पंचेचाळीस-पन्नास विड्या कमी. वर आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते येईल त्या वेळी बाकी सगळं सोडून घागरी-पिंपं भरावी लागतात. मेसेज लिहिणाऱ्याचे 2 टक्के त्याच्या फावल्या वेळातून जातात, अक्कांचे मजुरीतून.

म्हणून "चालायला पैसे पडत नाहीत" हेही चूक. शिवाय चालायचं कुठे आणि केव्हा? सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो, नऊ वाजताच ऊन चटके देतं. उरते ती पहाट, म्हणजे अंधार, कुत्री आणि फुटपाथ नसलेला रस्ता. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतातल्या सुमारे 57 टक्के स्त्रियांची आणि 42 टक्के पुरुषांची शारीरिक हालचाल अपुरी पडते. या देशातल्या बायका पुरुषांपेक्षा आळशी आहेत, असं कुणी छातीठोकपणे म्हणेल का? मग हा फरक कुठून आला, याचं उत्तर मेसेजवाल्यांनी द्यावं.

परिस्थितीनं खरंच फरक पडतो का, हे तपासूनही झालंय. अमेरिकेत 1994 ते 1998 या काळात पाच शहरांमधल्या गरीब वस्त्यांतल्या साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांची सोडत काढली. काहींना कमी गरिबीच्या भागात घर भाड्यानं घेण्यासाठी मदत मिळाली, काहींना नाही. कुणाला डाएट सांगितलं नाही की जिम लावून दिली नाही. दहा-पंधरा वर्षांनी तपासलं, तेव्हा ही संधी मिळालेल्या बायकांमध्ये तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह यांचं प्रमाण कमी निघालं. सोडतीत नाव निघालं म्हणून कुणाची इच्छाशक्ती वाढत नाही. बदलली होती ती वस्ती.

आता "एवढंच गणित" बघू. अर्ध्या तासाच्या चालण्यात ढोबळमानानं सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, एका वडापावात साधारण त्याच्या दुप्पट येतात. म्हणजे नुसतं चालून वजन फार उतरत नाही. आणि उतरवलं, तरी शरीर गप्प बसत नाही. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं, आणि बहुतेकांचं वजन परत वाढलं होतं. त्या माणसांनी घाम गाळला नव्हता, असं कोण म्हणेल?

आपल्याकडे तर हिशेब आईच्या पोटातच सुरू होतो. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. पण आपल्या बाळांचे स्नायू जितके कमी होते, तितकी चरबी कमी नव्हती. हडकुळी दिसणारी ही मुलं मोठी होऊन बैठ्या कामाला लागतात, आणि शुगर वाढली की आपण त्यांना आळशी म्हणतो.

राहिलं रडगाणं. माणसाच्या हातात काहीच नाही, असं मी म्हणत नाही. वजन एक किलोही उतरलं नाही, तरी चालण्यानं शुगर आणि रक्तदाब सुधारतो, हे मी प्रत्येकाला सांगते. ज्याच्या हातात वेळ आणि मैदान आहे, त्यानं टाळाटाळ करू नये. माझा राग "आळस" या शब्दावर आहे, कारण तो ज्यांना लागतो ते उठून चालायला जात नाहीत, ते तोंड लपवतात.

अक्कांची शुगर दोन वर्षांपूर्वी जास्त आली होती. यंदा तीनदा सांगूनही त्या तपासायला आल्या नाहीत. परवा कळलं, मुलीनं त्यांना हा मेसेज वाचून दाखवला होता. मला म्हणाल्या, "डॉक्टर पण हेच म्हणणार ना, की माझंच चुकलं? मग कशाला जायचं?"

काल सकाळी मी ग्लुकोमीटर घेऊन त्यांच्याच घरी गेले. त्यांनी सूप बाजूला सारलं, पदराला बोट पुसून पुढं केलं आणि म्हणाल्या, "लवकर आटप, अजून हजार व्हायच्यात." उपाशीपोटी 186 निघाली. शनिवारी आम्ही दोघी डॉक्टरांकडे चाललोय. त्या दिवशीच्या विड्यांना मुलगी आणि मी हात लावणार आहोत.