स्लाइड शो म्हणे!

काल आमच्या नेरूळच्या सोसायटीत, क्लबहाऊसमध्ये सोव्हिएत दिग्दर्शक पाराजानोव्हचा 'द लेजंड ऑफ सुराम फोर्ट्रेस' लावला. अकरा जण आले, अर्ध्या तासात सात गेले. ठीक आहे, रविवार होता, मॅच होती. पण आज सकाळी ग्रुपवर मेसेज, "ताई, पुढच्या वेळी स्लाइड शो नको, पिक्चर लावा" आणि खाली हसणाऱ्यांची रांग. डोकंच सणकलं.

अरे, 1969 च्या 'कलर ऑफ पोमग्रॅनेट्स' या पिक्चरनंतर पंधराएक वर्षं ज्याला पिक्चर करू दिला नाही, 1973 ला उचलून चार वर्षं सोव्हिएत तुरुंग-कॅम्पात डांबला, तिथेही जो कोलाज करत बसला, तो माणूस साठीत परत कॅमेऱ्यामागे आला (दोदो आबाशिद्झे सहदिग्दर्शक होता) आणि त्याने घेतली कुठली गोष्ट, तर जॉर्जियाची ही दंतकथा. किल्ल्याची भिंत बांधतात, पडते, बांधतात, पडते. शेवटी देखणा तरुण पोरगा भिंतीत चिणला तरच ती उभी राहणार. भिंतींच्या आत राहून आलेल्या माणसाने ही गोष्ट सांगितलीय, आणि तुम्हाला कॅमेरा हलत नाही याचं पडलंय!

बरं, स्लो आहे. पहिल्यांदा मीसुद्धा झोपले होते.

पण ही गोष्ट आपल्याला परकी कशी वाटते? मी चौथीत असताना वाशीला नव्या खाडीपुलाचं काम चालू होतं. आज्जी दम द्यायची, तिकडे फिरकायचं नाही, खांबांना पोरं लागतात. मग वाल सोलता सोलता तळ्यातल्या सुनेची गोष्ट काढायची. तळं खणलं, पाणी लागेना, धाकट्या सुनेला मधोमध उभी केली. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. इथे आज्जी थांबायची, चिमटीत वाल दाबून टुपकन पातेल्यात टाकायची, आणि पुढचं सांगायचीच नाही. मला रात्री मच्छरदाणीतही पायाला पाणी लागायचं.

एक शहाणे म्हणाले, हे अंधश्रद्धा पसरवणं आहे. त्यात थोडं तथ्य आहे म्हणा, बलिदानाच्या गोष्टी राजांना सोयीच्याच असतात. पण पिक्चर नीट बघा ना! भविष्य सांगणारी वार्दो म्हणजे त्याच पोराच्या बापाने एकेकाळी टाकून दिलेली प्रेयसी, आणि पोराचा बळी तीच सांगते. हे देवाचं काम आहे की तिचं, पाराजानोव्ह काही बोलत नाही. एवढी धग आहे त्यात, आणि हे मॅच बघायला गेले.

जाऊ दे. आई मात्र शेवटपर्यंत बसली होती, खुर्चीवर पाय वर घेऊन. लिफ्टमध्ये म्हणाली, "यांच्याकडे पोरगा स्वतःहून गेला गं. आपल्याकडे सुनेला घालतात."

मी म्हटलं, तुला आज्जीची गोष्ट आठवते?

"न आठवायला काय झालं. मी आत भाकऱ्या थापत असायचे. मला ऐकू जाईल अशाच आवाजात सांगायच्या त्या."