घोळ म्हणजे नक्की कुठली घोळ?

माझं माहेर जालन्याकडचं आणि सासर पालघर तालुक्यातलं. त्यामुळे "आज घोळ आणलीय" हे वाक्य मी दोन्ही घरांत ऐकते, आणि पिशवीतून निघतं मात्र वेगवेगळं. आईच्या पिशवीतून लालसर देठांची, जाड पानांची रानभाजी, सासूबाईंच्या पिशवीतून माशाच्या तुकड्या. अख्खी घोळ कोण आणणार, मीटरभराहून मोठी होते ती.

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, "घोळ खा, ओमेगा-3 मिळवा, हार्ट सांभाळा". फोटो नाही, काही नाही. आणि गंमत नाही हां, हे दोन्ही घोळींबद्दल खरं आहे! भाजीतही ओमेगा-3 असतं, पालेभाजीच्या मानाने चांगलंच असतं, पण ते अल्फा लिनोलेनिक ॲसिड, ज्यातलं थोडंसंच आपलं शरीर माशातल्या प्रकारात बदलू शकतं. माशात ते तयारच असतं. शिवाय भाजीत ऑक्झलेट भरपूर, मुतखड्याचा त्रास असलेल्याने ती रोज वाटीभर खाऊ नये, माशाला हा नियम लागू नाही. म्हणजे नाव एक आणि सल्ला दोन टोकांचा. असा मेसेज कुणी आजारी माणूस वाचून तसंच करायला लागला तर? मला खरंच काळजी वाटते.

बरं, भाजीतही एकच घोळ नाही. मोठी घोळ म्हणजे पोर्तुलाका ओलेरासिया, आणि बारीक पानांची चिवळ म्हणजे पोर्तुलाका क्वाड्रिफिडा, तिलाही काही ठिकाणी लहान घोळ म्हणतात. कुंडीत लावतो ते ऑफिस टाइमचं फूल याच कुळातलं. या खाण्याच्या झाल्या. पण शेतात त्यांच्या शेजारीच जमिनीला चिकटून पसरणारं एक दुधी तण असतं, लांबून दिसतं बरंचसं तसंच, देठ मोडला की पांढरा चीक येतो. घोळीला चीक नसतो. आमच्याकडच्या बायका भाजी खुडतानाच देठ मोडून बघतात, ही गोष्ट कुठल्याच रेसिपी व्हिडिओत सांगत नाहीत. आणि चवीचं सांगायचं तर भल्या सकाळी खुडलेली घोळ संध्याकाळच्यापेक्षा आंबट लागते, कारण पाण्याचा ताण पडला की हे झाड रात्री पानात मॅलिक ॲसिड साठवतं आणि दिवसा ते वापरून टाकतं. तुरीच्या डाळीत लसणाची फोडणी देऊन केली की वेगळी चिंच घालायची गरजच नसते.

आता मासा. घोळ, म्हणजे प्रोटोनिबिया डायकॅन्थस, 2023 मध्ये गुजरातचा राज्य मासा झाली, त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्राचा राज्य मासा पापलेट झाला. तिच्या पोटातली हवेची पिशवी, जिला भोत म्हणतात, ती वाळवून हाँगकाँग-चीनकडे जाते आणि खरा पैसा त्यात असतो. ऑगस्ट 2021 मध्ये आमच्याच बाजूच्या मुरबे गावच्या बोटीला 157 घोळी लागल्या आणि साधारण एक कोटी तेहतीस लाख मिळाले, ही बातमी सगळीकडे आली होती. याच कुळात कोथ येतो, ढोमा येतो, आणि ढोमा हे तर एका माशाचं नावच नाही, त्या एका नावाखाली कितीतरी जाती विकल्या जातात.

इथेच मला मुद्दा मांडायचाय. लोक म्हणतात एकेका गोष्टीचं एकच शुद्ध मराठी नाव ठरवून टाका, गोंधळ मिटेल. मला हे अजिबात पटत नाही. आईची घोळ चुकीची आणि सासूबाईंची बरोबर, हे ठरवणार कोण? दोन्ही नावं त्या त्या ठिकाणी वापरात आहेत आणि तिथे कुणाचाही गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो नाव गावातून उचलून बाकी काहीच न सांगता पुढे ढकलल्यावर. ब्राह्मीचं तेच झालंय, कुणी बॅकोपाला ब्राह्मी म्हणतं, कुणी मंडूकपर्णीला, आणि डबीवर नुसतं "ब्राह्मी". औषध म्हणून पैसे घेता तर आत काय आहे ते शास्त्रीय नावासकट मोठ्या अक्षरात लिहा ना.

आणि माशांच्या बाबतीत तर हे फार गंभीर आहे. 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवली, त्याहून लहान पकडायचा नाही. चांगला नियम आहे, पण घोळीचं पिल्लू ढोम्याच्या ढिगात गेलं आणि वहीत "ढोमा, इतके किलो" असं लिहिलं गेलं तर ते पिल्लू गेलं हे कळणार कुणाला? ढोम्याचा आकडा तर चांगलाच दिसत राहणार! बंदरावर नोंद करणाऱ्याला माशाचं कोळीण म्हणते ते नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहिता आलं पाहिजे, आणि ते ओळखायला शिकवायला त्या कोळणीलाच पगारावर बोलवा, तिच्याइतकं कोण ओळखणार.

तर रानभाजी-मासे यावर पोस्ट टाकणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती, फोटो टाका, तालुका लिहा, शास्त्रीय नाव देवनागरीत का होईना पण लिहा, आणि तुमच्या घरातलं नाव मात्र बदलू नका. तुमच्याकडे घोळ म्हणजे काय ते खाली गावाच्या नावासकट सांगा, मी एक यादी करतेय.