समोशाचा कोन

शनिवारी संध्याकाळी कॅम्पातल्या एका गॅरेजमध्ये आम्ही पाच जण जाझ वाजवतो, म्हणजे वाजवायचा प्रयत्न करतो, आणि मी आयटीत असल्यामुळे चार्ट टाईप करायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. नातेवाईकांचा प्रिंटर बिघडला की मलाच फोन येतो, त्यातलाच हा प्रकार.

चार्ट म्हणजे काय, तर खाली सुरावट आणि तिच्या डोक्यावर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुडग्यांची, नावं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. आता सी मेजर सेव्हन घ्या, कॉर्ड एकच, पण कोणी मेज लिहितं, कोणी एमए, कोणी नुसता मोठा एम, आणि जाझवाल्यांचा लाडका म्हणजे छोटासा त्रिकोण. मायनरला छोटा एम किंवा नुसती आडवी रेघ. मोठा एम आणि छोटा एम घाईत लिहिले की जुळे भाऊ दिसतात, आणि फरक केवढा, तर मोठ्यात गंधार-निषाद दोन्ही शुद्ध, छोट्यात दोन्ही कोमल! आमच्याकडे दोन शनिवार मी शुद्ध गंधार धरून बसलेलो आणि शेजारी सॅक्सोफोन कोमलावर, गॅरेजखालचं कुत्रंसुद्धा उठून गेलं. तिसऱ्या शनिवारी सॅक्सवाले अंकल, मूळचे मडगावचे, कागद माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "हें कितें रे?"

मी म्हटलं, आपण त्रिकोणच वापरू. इथून माझी साडेसाती सुरू झाली.

म्यूझस्कोर नावाचं संगीत लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात म्यूझजाझ नावाचा हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट आहे, त्यात त्रिकोणही आहे, शहाण्या माणसाचं काम इथे संपतं. मला मात्र तो त्रिकोण जरा बुटका वाटला. (बाकी कोणालाच नाही वाटत. मी चौघांना विचारलं.)

जाझचे फॉन्ट असे वेडेवाकडे का, तर वाजवणाऱ्यांचे डोळे कॉपिस्टच्या, म्हणजे हाताने चार्ट उतरवणाऱ्याच्या, शाईला सरावलेले. सत्तरच्या दशकात बॉस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजातल्या पोरांनी हाताने लिहून चोरून झेरॉक्स विकलेलं रिअल बुक नावाचं जाझ चार्टांचं पुस्तक जगभर पसरलं, ते कायदेशीर छापलं गेलं थेट २००४ मध्ये, तेही त्याच हस्ताक्षराच्या थाटात. म्हणजे आपण कॉम्प्युटरवर मेहनत घ्यायची ती कशासाठी, तर कॉम्प्युटर वापरला नाही असं दिसावं म्हणून.

मग मला स्मफल सापडलं. २०१३ साली स्टाईनबर्ग या संगीत-सॉफ्टवेअरच्या कंपनीने संगीताच्या खुणांना ठरलेले नंबर दिले, युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या जागतिक यादीत, एक मोकळी खासगी जागा असते ना, तिथे. मेजर सेव्हनचा त्रिकोण ई८७३, हाफ डिमिनिश्ड नावाच्या कॉर्डचा रेघ मारलेला गोळा ई८७१, फ्लॅट, म्हणजे सूर कोमल करायची खूण, ई२६०. बायकोचा मोबाईल नंबर मला पाठ नाही, हे आहेत. त्यांचाच पेटालुमा नावाचा हस्ताक्षरी फॉन्ट आहे, कॅलिफोर्नियातल्या गावाच्या नावावरून ठेवलेलं नाव. लायसन्स असं की खुशाल बदल करा, पण मग नाव आमचं नको. ठीक आहे, मी माझ्या फॉन्टचं नाव ठेवलं हडपसर.

फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं. त्रिकोणाला कोन तीन, हे आपण चौथीत शिकतो. फॉन्टफोर्जमध्ये माझ्या त्रिकोणाला सतरा बिंदू होते आणि प्रत्येकाला दोन दोन मिशा, एक मिशी ओढली की दुसरीकडे पोट सुटायचं. पहिल्या रात्री समोसा झाला. दुसऱ्या रात्री चांगला झाला पण शेजारचा सात त्याच्यावर चढून बसला, सात उजवीकडे सरकवला तर बी आणि फ्लॅटच्या मध्ये रिक्षा जाईल एवढी जागा. रात्री दीडला बायको पाणी प्यायला उठली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "तीन आठवडे त्रिकोणच काढतोयस, उद्या भूमितीचा पेपर आहे का?" कीबोर्डवर तोवर धूळ बसली होती, मुलीने त्यात बोटाने मांजर काढलं होतं. मांजराची रेघ, खरं सांगतो, माझ्या त्रिकोणापेक्षा चांगली होती.

शेवटी जमलं. हौसेने मी वर्डमध्ये एक टेबल केलं, बारा खणांत बारा बार, म्हणजे तालाची बारा आवर्तनं, कॉर्ड सगळ्या हडपसरमध्ये. साधा फ्लॅट युनिकोडमध्ये आयता मिळतो, पण तो मला किरकोळ वाटला म्हणून तिथेही माझाच ई२६०. शनिवारी जाता जाता फाईल झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॅपवर टाकली. पीडीएफ करायची अक्कल तीन आठवड्यांत कुठेतरी सांडली असावी. त्याच्या कॉम्प्युटरवर हडपसर कुठून असणार? पाच प्रती आल्या, जिथे फ्लॅट तिथे रिकामा चौकोन. बी चौकोन सेव्हन. ई चौकोन सेव्हन.

"कसलो चौकोन?" अंकल.

"फ्लॅट आहे तो."

अंकलनी चष्मा वर केला, खाली केला, कागद एकदा पूर्ण फिरवून बघितला. "अरे, ब्लूज मरे हो! बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ. कागद कित्याक जाय?" आणि मग जरा थांबून, "पूण तुजो तो त्रिकोण खंय?"

ब्लूज म्हणजे तीन कॉर्डची ठरलेली चाल, आमच्या ब्लूजमध्ये मेजर सेव्हन नव्हताच. बारा बारमध्ये एकही नाही.

वाजवलं मात्र झकास, कुत्रं परत येऊन बसलं. घरी आल्यावर फाईल परत उघडून बघितली, तर त्रिकोण ठीक आहे पण फ्लॅटचं पोट जरा जास्तच पुढे आलंय. आज रात्री बघतो.