डबल मीनिंग म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्यानं लिहिलं, "घरात भाव मिळेना म्हणून मंडईत गेले, तिथं विचारला तर परवडेना." बास, एवढंच. त्यावर ॲडमिन महाशय (चुलतभाऊच आहे, वाचत असशील तर वाच) लिहितात, "कृपया डबल मीनिंग मेसेज टाळावेत, ग्रुपवर लेडीज आहेत." खाली हात जोडलेले. अरे मग लिहिणारी कोण आहे? सत्तरी ओलांडलेली बाई टोमॅटोबद्दल बोलतेय, तुला त्यात नक्की दिसलं काय? आत्यानं गुपचूप मेसेज डिलीट केला. याचाच जास्त संताप आला.

या बाईची कोटी मी लहानपणी समोर बसून ऐकलीय. ताईच्या लग्नात मुलाकडचे मामा रुसले. सगळं देऊन झालेलं, टोपी, उपरणं, नारळ, तरी ऐन मुहूर्ताला "आमचा मान कुठंय?" बाबा हात जोडून उभे, कार्यालयात चिडीचूप. आणि आत्या अगदी नम्रपणे म्हणाली, "खांद्यावर बघा की, मामा!"

आधी त्यांच्याकडचीच माणसं फुटली. मामा काय बोलणार? उपरणं खरंच खांद्यावर होतं. आणि ताठलेली मानही तिथंच.

मुलीकडच्या बाईला त्या काळी तोंड उघडायची सोय नव्हती हो. सरळ बोलली असती तर लग्न मोडायची भाषा झाली असती. दोन अर्थ हीच तिची पळवाट, एक बोलायचा आणि दुसऱ्यानं टोचायचं.

शाळेत हेच तर शिकवलं ना आपल्याला! 'मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही', मित्र म्हणजे सूर्यसुद्धा, लिहा श्लेष, घ्या मार्क. आणि ती दमयंती? नलासाठी झुरून आजारी पडलेली, आईला म्हणते 'औषध नल गे मजला', आईला ऐकू येतं 'न लगे', पोरीला औषध नको म्हणजे बरी झाली, म्हणून आई खूश. पोरगी आईच्या तोंडावर सांगतेय की मला तो हवाय!! हे वर्गात मुलामुलींना एकत्र शिकवलं, तेव्हा कुणाला लेडीज आठवल्या नाहीत.

हां, दोन अर्थ म्हटलं की कमरेखालीच उतरणारे आहेत, तेही फॉरवर्ड मला येतात, नाही म्हणत नाही. पण दादा कोंडक्यांचे पिक्चर एकामागून एक सिल्व्हर ज्युबिली करत होते ते काय रिकाम्या थेटरात? लोंबती नाडी, भाबडा चेहरा, वाईट अर्थ आपल्याच डोक्यात. आपलीच माणसं पोट धरून हसली आणि घरी येऊन "छे, काय ते!" म्हणाली.

आणि हाच ॲडमिन स्वतः काय टाकतो? 'पुलंची अफलातून कोटी', ज्यात पुलं मोबाईलवरून क्यूआर कोड स्कॅन करतायत. पुलं २००० साली गेले रे! अत्रे तर १९६९ ला. कुठलाही शिळा विनोद या दोघांच्या नावावर खपवायचा, वर कंसात अर्थ लिहायचा, वर चार हसरे चेहरे. कंसात अर्थ लिहिलेली कोटी म्हणजे चावून दिलेला घास.

आत्याचं कसब बघा मग. मराठीत प्रतिष्ठेचा तो मान आणि धडावरची ती मान. 'तुमचा मान खांद्यावर आहे' म्हटलं तर गळा हातचा जातो, 'तुमची मान' म्हटलं तर सरळ अपमान. तिनं तो शब्दच घेतला नाही. मामांनीच उच्चारला होता, तिनं नुसती जागा दाखवली. चौथी शिकलेली बाई, व्याकरणाचं पुस्तक हातात धरलेलं नाही, आणि हे क्षणात, तेही भरल्या कार्यालयात घाबरलेली असताना! (घाबरले होते गं, हात थरथरत होते, असं नंतर तिनंच सांगितलंय.)

दुपारी फोन केला तिला. म्हटलं, कशाला डिलीट केलंस? तर म्हणे, "जाऊ दे गं, त्याचाही ग्रुपवरच काय तो भाव."

हे मी तिला न विचारता इथं टाकतेय. तुमच्या घरातल्या आज्या, आत्या, मावश्यांच्या कोट्या टाका खाली कमेंटमध्ये, चावट असल्या तरी चालतील. फक्त कंसात अर्थ लिहिलात तर अनफ्रेंड करीन.