‘एवढंही येत नाही?’ असं म्हणू नका

करसल्लागारांच्या ऑफिसात नवखी मुलं साधे प्रश्न विचारायला घाबरतात, हे एका लेखात वाचलेलं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. मी याच व्यवसायात आहे. आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या उमेदवारीला आलेल्या मुलांचा नेहमीचा प्रश्न म्हणजे जीएसटीतल्या टू-ए आणि टू-बी या पुरवठादारांच्या बिलांवरून आपोआप तयार होणाऱ्या याद्यांमध्ये फरक काय? त्यावर ‘आधी कायदा वाच’ म्हणून वाटेला लावणारे ज्येष्ठ मी पाहिलेत आणि मला ते अजिबात पटत नाही.

पुरवठादार विवरणपत्रं भरतील तसं टू-ए बदलत राहतं, टू-बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, टू-बी बघूनच घ्यायचं. सांगायला दोन मिनिटं लागतात. नाही सांगितलं तर पोरगं अंदाजाने टू-एवरून क्रेडिट लावतं आणि नोटीस येते ती अशिलाला.

आणि ‘टू-बी एकदा तयार झालं की बदलत नाही’ हे आपलं ठरलेलं उत्तर तरी आता कुठे पुरतं? ऑक्टोबर २०२४ पासून आयएमएस, म्हणजे पुरवठादाराचं बिल पोर्टलवर स्वीकारायची किंवा नाकारायची सोय, सुरू झालं. १४ तारखेनंतर एखादं बिल नाकारलं तर टू-बी नव्याने काढावं लागतं. ‘बेसिक’ म्हणून उडवून लावलेल्या प्रश्नात हे सगळं दडलेलं असतं!

आमच्याकडे २० तारखेची थ्री-बी या मासिक विवरणपत्राची धावपळ आटोपली की सगळे एकत्र बसतो. ज्याला जे अडलंय ते त्याने विचारायचं, उत्तर वहीत उतरवायचं. नवीन मुलाच्या हातात पहिल्या दिवशी तीच वही देतो. इतर ऑफिसांनीही हे जरूर करून बघावं.